ऋण आणि निष्ठा

२ जून २०१३ रोजी टोरँटो येथे कॅनडा आणि अमेरिका यांच्या महिला फुटबॉल संघांत मैत्रीचा सामना झाला. उत्तरार्धात अमेरिकेची एक राखीव खेळाडू मैदानात उतरली आणि प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडविली. सामना संपता संपता तिने गोल केला, छातीवरील अमेरिकेचे संघचिन्ह मुठीत धरून दाखविले आणि प्रेक्षकांकडे वळून ओठांवर बोट ठेवले. अमेरिकेने सामना तीन विरुद्ध शून्य असा जिंकला. त्या खेळाडूचे नाव सिडनी लेरू. तिचा जन्म १९९० साली कॅनडातच, व्हँकुव्हर शहराजवळच्या सरे येथे झाला होता.

प्रेक्षकांचा राग समजण्यासारखा होता. लेरूची आई कॅनडाची. त्या देशाच्या सॉफ्टबॉल संघातून खेळलेली. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन. व्यवसायाने बेसबॉलचे खेळाडू. मुलीला वाढविले ते आईने, एकटीने. २००४ साली थायलंडमध्ये झालेल्या एकोणीस वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेत कॅनडाने या मुलीला खेळविले, तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. पुढे ती ॲरिझोनात राहावयास गेली आणि वडिलांकडून आलेल्या नागरिकत्वाच्या आधारे तिने अमेरिकेचा संघ पत्करला. २००८ साली चिली येथे वीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा अमेरिकेने जिंकली. त्या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान लेरूलाच मिळाला.

म्हणजे, जिने वाढविले त्या आईचा देश सोडून, ज्यांनी वाढविले नाही त्या वडिलांच्या देशाकडे ती गेली. हा कृतघ्नपणा नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेतला, तर तो सहज झटकून टाकता येणार नाही. अमेरिकेचा संघ त्या काळी जगातील सर्वांत बलाढ्य संघांपैकी एक होता. त्या संघातून खेळण्याची तिला बालपणापासून आकांक्षा होती, हे तिने स्वतःच सांगितले आहे. आकांक्षेपुढे ऋण गौण ठरले, असे म्हणावयास येथे जागा आहे.

परंतु ऋण आणि निष्ठा या दोन गोष्टी आपण नकळत एक करून टाकतो. ऋण हे मिळालेल्या गोष्टीचे असते. निष्ठा ही दिलेल्या वचनाची असते. ऋण जन्माबरोबर येते, ते आपण मागितलेले नसते आणि म्हणूनच ते पुरते फिटतही नाही. ते मानावयाचे असते, वागविण्यात नम्रता असते. पण त्याच्या बदल्यात माणूस गहाण पडत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला एका स्पर्धेत खेळविले म्हणून तिचे सारे आयुष्य आपल्या मालकीचे झाले, असे जो म्हणतो, त्याने उपकाराचा सौदा केलेला असतो. सक्तीने वसूल केलेली कृतज्ञता ही कृतज्ञताच नव्हे.

आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. त्या दिवशी हुर्यो उडविणाऱ्यांपैकी बहुतेकांना आयुष्यात कधीही देश निवडावा लागला नसेल. एकाच देशात जन्मलेल्या, एकाच वंशाच्या माणसाची निष्ठा कसोटीला लागतच नाही. ती खोटी असते असे नव्हे. परंतु जी कधी पारखली गेली नाही, तिला सद्गुण म्हणावे की केवळ परिस्थिती? याउलट, जिच्यात दोन वारसे एकत्र आले आहेत, तिला कोठेही उभे राहिले तरी उत्तर द्यावे लागते. एका बाजूला उभी राहिली की दुसरी बाजू तिला परकी म्हणते. आणि मधोमध उभे राहण्याची सोय खेळाच्या नियमांत नाही. निवड न करणे हा पर्याय तिला नव्हताच. मग निवड केल्याचा दोष तिचा कसा?

लेरूने पुढे लिहिले की, आपल्याला वर्णावरून आणि घरच्यांवरून अपशब्द ऐकावे लागले. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने खुलासा केला की, हा उल्लेख टोरँटोचा नसून २०१२ साली व्हँकुव्हरला झालेल्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेतील प्रकाराचा होता. स्थळ कोणतेही असो, येथे मर्यादा स्पष्ट होते. संघ सोडून गेलेल्या खेळाडूची हुर्यो उडविणे हा दुखावलेल्या प्रेमाचा उद्गार मानता येईल. पण वर्णावर घसरणारा माणूस तिच्या निवडीविषयी बोलतच नाही. जे तिने कधी निवडले नाही, त्याचीच शिक्षा तो तिला देतो. ती गेली याचा राग त्यात नसतो; ती मुळात आपली नव्हतीच, ही कबुली त्यात असते.

आपल्या समाजालाही हे कोडे अगदीच अपरिचित नाही. लग्न करून सासरी गेलेल्या मुलीने घर बदलले, तर आपण त्याला धर्म म्हणतो; स्वतःच्या कर्तृत्वासाठी तिने घर बदलले की मात्र शब्द बदलतात. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही, त्यामुळे देशाचा प्रश्न आपल्यापुढे या रूपात येत नाही. तरीही ज्यांचे जन्मगाव एका प्रांतात आणि नोकरी दुसऱ्या प्रांतात, त्यांना या प्रश्नाची लहानशी आवृत्ती ठाऊक असते. ज्या मुलखाने शिकविले त्याच्या उपयोगी आपण पडलो नाही, ही रुखरुख त्यांना असते. म्हणून ज्या मुलखाची सेवा पत्करली, तेथे कामात कसूर करणे योग्य ठरत नाही. आणि तेथे चोख काम केले म्हणून जन्मगावाशी द्रोहही होत नाही.

तेव्हा अशा निवडीची पारख कशाने करावी? मला वाटते, दोन गोष्टींनी. निवडीची किंमत माणसाने स्वतः मोजली काय, आणि जे निवडले तेथे त्याने हातचे राखले काय? पौगंडवयात घर सोडून परक्या गावी राहणे आणि मायभूमीत हुर्यो सोसणे, ही किंमत लेरूने मोजली. आणि मैदानावर तिने हातचे राखले नाही. तिच्या ओठांवरील बोटात उर्मटपणा होता, हे मी नाकारीत नाही. पण ज्या घराशी काहीच नाते उरलेले नसते, त्या घराला गप्प बस असे सांगण्याची गरजही वाटत नाही.

५ जुलै २०१५ रोजी अमेरिकेने जपानचा पाच विरुद्ध दोन असा पराभव करून विश्वचषक जिंकला. त्या संघात लेरू होती. तो अंतिम सामना झाला व्हँकुव्हरमध्ये, तिच्या जन्मगावाच्या शेजारी.