पट्टा आणि पाडेली

मागील खेपेस आमच्या परसांतील नारळ पाडतेवेळीं पाडेल्यासाठीं मीं एक सुरक्षा-पट्टा विकत आणला. पहिला माड उतरतांच त्यानें तो काढून आळ्याच्या कडेला ठेवला आणि म्हणाला, "सर, ह्यो घातला की मांडी वर उचलत नाय." मला राग आला. त्याच्या जिवाची काळजी त्याच्यापेक्षां मलाच अधिक, असें क्षणभर वाटलें. मागाहून मात्र मनांत प्रश्न उभा राहिला: हिताची वस्तु नाकारणारा मनुष्य अविचारी म्हणावा, कीं ती वस्तुच सदोष म्हणावी?

बाणवली जातीचा जुना माड पन्नास-साठ फूट सहज वाढतो. खोडाच्या खांचांत पाय रोवून, कंबरेच्या आकडीला कोयता अडकवून पाडेली त्यावर चढतो. त्याची मजुरी माडावर ठरते, वेळेवर नव्हे. काचणाऱ्या पट्ट्यानें प्रत्येक माडामागें कांहीं मिनिटें गेलीं, तर आजचा तोटा निश्चित असतो. पडणें केवळ संभाव्य. घरांत बसून ज्याला आम्ही बेफिकिरी म्हणतों, तो पुष्कळदां असा रोजचा हिशेब असतो.

कोणी म्हणेल, प्राण वाचवावयाचा तर थोडा त्रास सोसावा. परंतु येथें त्रास आणि धोका हे दोन निराळे नाहींत. पूर्वीं नुसता कंबरपट्टा वापरीत. पडणाऱ्याचा सारा हिसका पोटावर बसे. म्हणून अमेरिकेंत 1998 पासून पडणारास अडविण्याच्या कामीं त्यास मनाई झाली, आणि मांड्या, छाती व खांदे यांवर भार विभागणारा सर्वांगाचा पट्टा त्याच्या जागीं रूढ झाला. त्यांतही निश्चल लोंबकळत राहिल्यास पायांत रक्त सांचून जीव धोक्यांत येतो. मांडीचा पट्टा कसा बसतो, हा प्रश्न तेथें चैनीचा राहत नाहीं, प्राणाचा होतो.

नारळ विकास मंडळानें 2011 सालीं यंत्राच्या साह्यानें माडावर चढण्याचें शिक्षण देण्यास आरंभ केला, तें योग्यच झालें. पण शिकविण्याबरोबर विचारणेंही हवें: बाबा, तुला कोठें काचतें? ज्याचें जळतें त्यालाच कळतें.

तो पट्टा मीं किंमत पाहून घेतला होता; पाडेल्याच्या अंगाला लावून पाहिला नव्हता. दुसऱ्याच्या सुरक्षिततेचें मोल त्याच्याच कष्टांतून वसूल करावयाचें आणि आपण निर्दोष राहावयाचें, हा माझा दोष. पुढच्या खेपेस पट्टा त्याच्या मापाचा असेल, आणि तो घालण्यांत जाणाऱ्या वेळेची मजुरीही मीच देईन.