चांगला धातू लागेपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आण्णा मिस्त्रींचं गॅरेज. सदाला तिथं लागून वर्षही झालं नव्हतं. हात चलाख, समज चांगली. पण ‘अजून कच्चा आहेस’ हे आण्णांच्या तोंडून ऐकायची त्याला फार धास्ती.

त्या संध्याकाळी एका गाडीचं टॅपेट कव्हर बसवायचं काम आण्णांनी त्याच्यावर सोपवलं. गळणारं गॅस्केट बदलून झालं होतं, आता फक्त बोल्ट आवळायचे होते. सहा मिलिमीटरचे हे बोल्ट. त्यांना साधारण 10 न्यूटन-मीटर जोर पुरतो, म्हणजे मनगटाचा, खांद्याचा नव्हे. टॉर्क पाना भिंतीला टांगलेला होता. सदानं हाताशी पडलेलं लांब दांडीचं रॅचेट उचललं. कोपऱ्यातला शेवटचा बोल्ट नीट बसला होता, तरी ‘गळायला नको’ म्हणून त्यानं आणखी पाव फेरा दिला. दांडी आधी ताठली आणि मग एकदम हलकी झाली. चिखलात काठी फिरावी तसा बोल्ट नुसता फिरू लागला.

त्यानं बोल्ट बाहेर काढला. पोलादी बोल्टाला काहीच झालं नव्हतं. त्याच्या आट्यांत मात्र चांदीसारखा कीस गुंडाळून आला होता. इंजिनाच्या हेडमधले आटे होते ते. हेड ॲल्युमिनियमचं, मऊ. पोलादापुढं आधी तेच हार खातं.

आण्णा बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होते. सदानं कीस पुसला, बोल्टाला टेफ्लॉन टेपचे चार वेढे दिले आणि तो परत जागेवर बसवला. वरून बघितलं तर सगळे बोल्ट सारखेच.

रात्री मात्र डोळ्याला डोळा लागेना. गाडी उद्या आंबा घाटानं रत्नागिरीला निघणार होती, बरोबर मालकाची म्हातारी आई. सैल कोपऱ्यातून ऑइल झिरपणार, खाली तापलेल्या एक्झॉस्टवर पडणार, वळणावर धूर निघणार. सांगावं, तर एवढीशी गोष्ट केवढी होईल!

सकाळी शटर वर जाताच तो आण्णांपुढं उभा राहिला. “आण्णा, कोपऱ्यातला बोल्ट नुसता फिराय लागलाय. काल माझ्या हातनं आटे गेले. टेप लावून झाकलंय मी.”

आण्णा काही बोलले नाहीत. कव्हर उतरवलं, आत कीस पडू नये म्हणून कॅमशाफ्टभोवती स्वच्छ फडकी कोंबली आणि ड्रिल सदाच्या हातात दिलं. “6.3चं बिट लाव. खोलीच्या मापाला चिकटपट्टीची खूण कर, त्याच्या पुढं जायचं न्हाई.”

सदा थबकला. “पर आण्णा, भोक आणखी मोठं हुईल की!”

“हुणारच. फाटक्या आट्यांवर नवं काय बसणार? चांगला धातू लागंपर्यंत जायाला लागतं. काल तू टेप लावलास, म्हंजे भोक बारीक राहिलं आणि रोग आत राहिला.”

ड्रिल सरळ धरून सदानं भोक मोठं केलं. मग आटे पाडायचा टॅप, ग्रीस माखलेला, कीस त्याला चिकटून वर यावा म्हणून. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. घाई केली तर टॅपच आत मोडतो. नवे आटे पडल्यावर आण्णांनी डबीतून स्टेनलेस स्टीलच्या तारेची इवलीशी कॉईल काढली, पेनातल्या स्प्रिंगसारखी. सदानं ती फिरवत आत उतरवली आणि तळाची शेपटी टिचकन मोडून बाहेर काढली. जुनाच बोल्ट आता पोलादी आट्यांत बोटांनी फिरत गेला.

“विमानाच्या इंजिनात तर नव्या भागातसुद्धा मुद्दाम अशा कॉईली बसवतात,” आण्णा म्हणाले. “ही जागा आता पहिल्यापेक्षा पक्की.” आणि त्यांनी भिंतीवरचा टॉर्क पाना काढून सदाच्या हाती दिला. शेवटी कट्‌ असा आवाज झाला, तिथंच सदा थांबला.

मालक आले. उशीर का, विचारू लागले. आण्णांनी सदाकडं बोट केलं. सदानं सगळं सांगितलं, टेपसकट. मालकांचा चेहरा कडक झाला. थोड्या वेळानं त्यांनी एवढंच विचारलं, “आई बरोबर आहे. घाटात भरवसा ठेवू?”

“ठेवा,” सदा म्हणाला. काल हाच शब्द त्याच्या तोंडून निघाला नसता.

तात्पर्य : चूक कबूल केली की ती आधी मोठी दिसते, आणि ती मोठी होऊ द्यावीच लागते. चांगल्या धातूपर्यंत पोचल्याशिवाय नवे आटे पडत नाहीत, आणि आटे पडल्याशिवाय माणसावरचा भरवसाही घट्ट बसत नाही.