वाचलेले कोणाच्या मालकीचे?



दोन वाचणारी माणसे भेटली म्हणजे एकमेकांना एक प्रश्न हमखास विचारतात : "सध्या काय वाचन चालू आहे?" पुस्तकाचे नाव सांगायचे, लेखकाचे नाव सांगायचे, चार बरे शब्द बोलायचे, की उत्तर संपले. मीही आजवर असेच उत्तर देत आलो. परंतु गेल्या वर्षावासात माझ्या घरी एक अगदी लहान गोष्ट घडली आणि या प्रश्नाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. मी जे वाचले ते माझे एकट्याचे आहे काय? ते दुसऱ्याला सांगणे ही माझी मर्जी, की माझे कर्तव्य? आणि सांगायचे तर आधी कोणाला? हा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम घडले ते सांगतो. त्यात चूक माझी आहे. ती लपवीत नाही.

मी एका तालुक्याच्या गावी शिक्षक आहे. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला माणूस मीच. माझ्या आईने रोजगार हमीच्या कामावर मातीच्या पाट्या वाहून मला शिकविले. हजेरीपटावर ती अंगठा उठवी आणि त्या अंगठ्याच्या मजुरीतून माझ्या वह्या येत. एके संध्याकाळी मी धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र वाचीत बसलो होतो. आई उंबऱ्याजवळ मेथी निवडीत होती. माझे लक्ष कशातच नाही असे पाहून तिने विचारले, "काय लिवलंय रं एवढं त्यात?"

मान वर न करता मी म्हणालो, "तुला नाही कळायचं, माय."

ती काही बोलली नाही. पुन्हा मेथी निवडू लागली. मी मात्र पुढचे पान वाचू शकलो नाही. हे वाक्य मी कोठे शिकलो, हा विचार मला सोडीना.

बंधूंनो, हे वाक्य माझे नव्हते. ते फार जुने आहे. आपल्या आज्या-पणज्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले गेले. ज्ञान आहे, पण ते तुमच्यासाठी नाही. ग्रंथ आहे, पण तुम्ही तो ऐकावयाचा नाही. या वाक्याच्या बळावर कोट्यवधी माणसांना अंधारात ठेवण्यात आले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले ते असल्या वाक्यांचे दहन होते. ग्रंथ जळाला, पण त्यातला एक निखारा माझ्या जिभेवर शिल्लक होता, आणि मी तो जन्मदात्या आईवर टाकला. शिक्षणाने मला वाचावयास शिकविले होते. त्याच शिक्षणाने मला माझ्या आईपासून एक पायरी वर नेऊन बसविले होते, हे मला त्या दिवसापर्यंत कळले नव्हते.

आता तथागतांचे पाहा. महापरिनिर्वाणापूर्वी, वृद्धापकाळी, आजारातून उठल्यावर त्यांनी आनंदाला सांगितले, की आपण धम्म सांगताना आतले आणि बाहेरचे असा भेद केला नाही. काही गोष्टी मुठीत झाकून ठेवणाऱ्या आचार्यासारखी आपली मूठ मिटलेली नाही. पाली भाषेत या मिटलेल्या मुठीला 'आचरियमुट्ठी' असे नाव आहे. मी शिक्षक असल्यामुळे हा शब्द मला फार लागला. अठरा वर्षे शिकून मी काय कमावले, तर एक मूठ!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आज आपण ग्रंथ म्हटले की कागद समजतो. परंतु तथागतांची वचने कित्येक शतके कागदावर नव्हतीच. ती सिंहलद्वीपात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लेखी झाली, अशी परंपरा आहे. तोपर्यंत ती माणसांच्या कंठात होती. कोणी दीघनिकाय पाठ करी, कोणी मज्झिमनिकाय. त्यांना त्या त्या निकायाचे भाणक म्हणत. एकेकाजवळ एकेक वाटा होता. सारे एकत्र बसले म्हणजे धम्म पूर्ण होई. म्हणूनच त्या काळी विद्वानाला 'बहुश्रुत' म्हणत, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे असा. 'पुष्कळ वाचलेला' असा शब्द नव्हता. ऐकणारा हा अडाणी, ही समजूत आपण पुढे कोठून तरी उचलली. अक्षर न ओळखणारी माझी आई बहुश्रुत होऊ शकते. तिच्या वाटेत आडवा कोण येतो? वाचणारा मुलगा!

दुसऱ्या दिवशी मी आईजवळ बसलो आणि 'निवेदन' सांगू लागलो. गोव्यातील साखवळ गावचा एक तरुण. नारळी-पोफळीच्या बागेत त्याचे दिवस जात होते. लहान मुलांच्या एका मराठी मासिकात त्याने बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्याच्या मनाला ओढ लागली. १८९९ साली तो घराबाहेर पडला. पुण्यास गेला, काशीस जाऊन अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला, नेपाळास गेला, सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकला. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठापर्यंत पोहोचला. पण शिकलेले सारे घेऊन मराठीत परत आला आणि आपल्यासाठी 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ लिहिला. माझा स्वर चढत होता. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "लगीन झालं हुतं का त्याचं?"

"झालं होतं. लहानगी मुलगी होती."

"मग त्या बाईनं काय केलं? लेकरू घिऊन कुनाच्या दारात ऱ्हायली?"

मी गप्प बसलो. खरे सांगतो, हा प्रश्न मला पडला नव्हता. शिक्षकांच्या खोलीत आम्ही तीन-चार वाचणारे या पुस्तकावर तासभर बोललो होतो. आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. एक माणूस ज्ञानाच्या शोधात निघाला एवढेच आम्ही वाचले होते. मागे कोण राहिले, हे मातीच्या पाट्या वाहून लेकरू वाढविलेल्या बाईने विचारले. मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडले, आणि या वेळी ते निराळे पुस्तक होते. कोसंबींविषयीचा माझा आदर कमी झाला नाही. परंतु त्यांच्या विद्येची किंमत आणखी कोणीतरी मोजली होती, हे मला दिसले. माझ्या विद्येची किंमत कोणी मोजली, तेही दिसले.

म्हणून मी म्हणतो, वाचलेले सांगणे हे दान नव्हे, ती वाटणी आहे. दान म्हटले की देणारा वर आणि घेणारा खाली. येथे तसे नाही. आईच्या पाट्यांतून माझी अक्षरे आली. त्या अक्षरांतून जे पीक आले त्यात तिचा वाटा आहे. तिला तो देताना मी उपकार करीत नाही, थकलेली बाकी फेडतो. शिवाय देता देता मला परत काही मिळते. मी गोष्ट दिली. तिने प्रश्न दिला. दोहोंत मोठे काय, हे आपणच ठरवा.

कोणी म्हणेल, वाचन ही एकांताची गोष्ट आहे; दरेक पान लोकांना सांगत बसले तर वाचावयाचे केव्हा? हे म्हणणे खोटे नाही. एकांताशिवाय वाचन होत नाही. आपल्या एका खोलीच्या घरांत तर तो एकांत घरातल्यांनी मुलाला मोठ्या कष्टाने मिळवून दिलेला असतो. अभ्यास करणाऱ्या मुलासाठी बाप रात्री बाहेर ओट्यावर निजतो. परंतु एकांत वाचण्यासाठी आहे, साठविण्यासाठी नाही. वाचन एकट्याचे असेल. वाचलेले एकट्याचे नसते.

दुसरा कोणी म्हणेल, पुस्तक दिले तर परत येत नाही. हा अनुभव मलाही आहे. त्याला मी एकच उदाहरण देतो. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे मुंबईत शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी नित्य वाचीत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. पुढे त्या मुलाच्या शालेय परीक्षेतील यशाबद्दल सत्कार झाला, तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी त्याला भेट दिले. तो मुलगा म्हणजे आपले बाबासाहेब. त्या पुस्तकाने आपले मन हलले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. केळुसकर गुरुजी १९३४ साली वारले. १९३५ ची येवल्याची घोषणा त्यांनी ऐकली नाही, १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी त्यांनी पाहिली नाही. एका पुस्तकाचे पुढे काय झाले, हे देणाऱ्याला कळलेच नाही. मग त्या पुस्तकाचा हिशेब कसा मांडावयाचा? ते परत आले म्हणावयाचे, की नाही?

मात्र सांगणाऱ्याने काही पथ्ये पाळली पाहिजेत. ती मी स्वतःच्या चुकांवरूनच सांगतो.

पहिले पथ्य असे, की पुस्तकाचे नाव सांगणे म्हणजे पुस्तक सांगणे नव्हे. आम्हा शिकलेल्यांत नावे मोजून दाखविण्याची खोड आहे. ज्याच्या कपाटात अधिक पुस्तके, तो मोठा. ही उघडी मूठ नव्हे. ही अंगठी दिसावी म्हणून पुढे केलेली मूठ आहे.

दुसरे पथ्य सचोटीचे. आनंदाने सुत्ते सांगताना आपण हे ऐकलेले आहे, असे आधी सांगितले, अशी परंपरा आहे. लेखकाचे ते लेखकाचे, माझे ते माझे, हे आपणही वेगळे ठेवले पाहिजे. आज मोबाइलवर बाबासाहेबांच्या नावाने कोणतेही वाक्य येते आणि आपण ते न वाचता, न पडताळता पुढे ढकलतो. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले होते? परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. हिताचे की अहिताचे हे स्वतः पारखा. मग जे आपण पारखले नाही, ते दुसऱ्याच्या हाती कसे द्यावे?

तिसरे पथ्य भाषेचे. तथागतांची वचने छंदस्‌ भाषेत घालावी, अशी सूचना दोन भिक्खूंनी केली, तेव्हा तथागतांनी ती नाकारली, असे विनयपिटकात आले आहे. ज्याला सांगावयाचे त्याच्या बोलीत सांगा. 'प्रतीत्यसमुत्पाद' हा शब्द मी आईपुढे तीन वेळा उच्चारला, ती कंटाळली. "तेल-वात हाय तवर दिवा, तेल सरलं की दिवा बी सरला," असे मग तीच म्हणाली. मला पाठ होते. तिला समजले होते.

बंधु-भगिनींनो, आपण नव्याने धम्मात आलेली माणसे आहोत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आपण जातो, तेव्हा परतताना भाकरीच्या फडक्याबरोबर पुस्तकांची पिशवी आपल्या हाती असते. पोटाला चिमटा काढून पुस्तके घेणारी अशी यात्रा फार थोडी. याचा मला अभिमान आहे. परंतु त्या पुस्तकांचे घरी काय होते? प्लॅस्टिकचे वेष्टन तसेच ठेवून ती तसबिरीशेजारी मांडली जातात, पौर्णिमेला त्यांच्यापुढे मेणबत्ती लागते. ज्या मूर्तिपूजेतून आपण बाहेर पडलो, तिथे पुस्तकाची मूर्ती करून पुन्हा बसावयाचे काय?

वर्षावासात विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. ती प्रथा चांगली आहे. परंतु मी स्वतः वाचीत असताना मागच्या रांगेतली माणसे पेंगताना पाहिली आहेत, आणि दोष त्यांचा नव्हता. मी वाचून दाखवीत होतो, सांगत नव्हतो. आणि वाचून झाल्यावर कोणाला काही विचारावयाचे आहे का, असे मी कधी विचारले नाही.

माझी सूचना लहान आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ घरात अशी ठेवा, की ज्याने जे वाचले असेल ते त्याने सांगावे. मुलीने शाळेच्या पुस्तकातला धडा सांगावा, सुनेने वर्तमानपत्रातली बातमी सांगावी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनी प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न त्यांचाच असावा. सभाही नको, अध्यक्षही नको.

आमच्या घरी गेले काही महिने हे चालू आहे. कधी चुकते, कधी भांडणही होते. परवा मला शाळेतून यावयास उशीर झाला. आई उंबऱ्यातच बसली होती. मी चपला काढतो न काढतो तोच तिने विचारले, "मंग, आज काय वाचलंस?"

त्या दिवशी मी काहीच वाचले नव्हते. तसे तिला सांगताना मला लाज वाटली. आणि ही लाज मला फार मोलाची वाटते.

जयभीम.