परत बोलावलेला फलंदाज

नागपुरातील सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर खेळाडूंच्या नावांचे सदरे दोरीवर टांगलेले असतात. त्यांत भारताचे एके काळचे क्रिकेट कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांचे नाव शोधूनही सापडणार नाही, आणि त्याबद्दल बिचाऱ्या विक्रेत्यांकडे तक्रार गुदरण्याचे कारणही नाही.

१९८०च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या वानखेडे मैदानावर, क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडचे पाच गडी स्वस्तात बाद झाले असता, कपिल देवच्या चेंडूवर पंचांनी बॉब टेलरला झेलबाद ठरविले. परंतु चेंडू बॅटला लागलाच नाही अशी खात्री पटताच, ज्या निर्णयाने आपल्याच संघाचे हित साधत होते तोच फिरवावा अशी विनंती कर्णधार विश्वनाथ यांनी केली आणि तंबूच्या वाटेला लागलेल्या टेलरला परत बोलाविले. त्याने सहकारी बोथमबरोबर १७१ धावांची भागीदारी रचली. भारत दहा गड्यांनी पराभूत झाला.

आज खेळाडूमागे करारनाम्यातील रकमेचा हिशेब उभा असतो हे खरे. तरी असा खिलाडूपणा दुर्मिळ झाल्याचे सारे खापर पैशाच्याच माथी फोडणे मला अन्यायाचे वाटते, कारण टेलरही व्यावसायिक खेळाडूच होता. पालटला तो शिरस्ता : चेंडू बॅटला लागल्याचे स्वतःस ठाऊक असलेला फलंदाजही आता यंत्राच्या फैसल्याकडे निर्विकार मुद्रेने पाहत उभा राहतो, आणि त्यात त्याला काही वावगे केल्यासारखे वाटत नाही.

विश्वनाथ यांनी भारताचे कर्णधारपद दोनच कसोट्यांत भूषविले. वानखेडेची ती दुसरी.