आशेचे मोल

खोटी ठरणारी आशा रोग्यास देणे हे पुण्य की पाप? प्रश्न वरवर सोपा दिसतो. परंतु फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, इटलीच्या सीमेस लागून असलेल्या मांतों या बंदराचा इतिहास पाहिला म्हणजे तो तितका सोपा राहत नाही.

लिंबांच्या व्यापारावर जगणारे हे लहानसे गाव १८६१ साली मोनॅकोच्या राजाकडून फ्रान्सकडे गेले. त्यापूर्वी दोनच वर्षे, १८५९ साली, जेम्स हेन्री बेनेट हे इंग्रज डॉक्टर क्षयाने खंगून, निवांत मरण यावे एवढ्याच इच्छेने तेथे आले होते. ते मेले नाहीत, बरे झाले. येथील हिवाळ्याचे गुण सांगणारे त्यांचे पुस्तक १८६१ साली निघाले आणि उत्तर युरोपातील रोग्यांची तेथे रीघ लागली. हॉटेले उठली, बागा झाल्या, बंदराचे विश्रामस्थान बनले. स्टीव्हन्सन १८७३ साली तेथे गेला, कॅथरिन मॅन्सफील्ड १९२० साली. तीन वर्षांच्या आत, १९२३ च्या जानेवारीत, मॅन्सफील्ड क्षयानेच वारली.

१८८२ साली कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला. त्यावरील पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले. हवापालटाने हा रोग हटत नव्हता, हे आज आपण जाणतो. गावाच्या माथ्यावर, जुन्या किल्ल्याच्या जागी, परकीयांच्या कबरी ओळीने उभ्या आहेत. जो वाचला त्याने पुस्तक लिहिले. जे गेले त्यांस ते लिहिता आले नाही.

बेनेट यांस आम्ही लबाड म्हणणार नाही. त्यांनी स्वतःचा अनुभव सांगितला. चूक झाली ती एकाच्या अनुभवाचा सर्वांसाठी नियम करण्यात. शिवाय ऊन, समुद्र व मोकळी हवा यांनी त्या रोग्यांस जे सुख दिले ते खोटे नव्हते. परंतु सुख निराळे आणि उपाय निराळा. सुखास उपाय म्हणून सांगितले की रोगी आपले उरलेले दिवस स्वकीयांपासून दूर, अनोळखी खोलीत खर्चून बसतो. आणि ते दिवस कोणासही परत देता येत नाहीत.

आपल्या घरांतही रोग्यापासून निदान लपविण्याची चाल आहे. तीमागे माया असते, हे आम्हांस मान्य आहे. पण उरलेला काळ कोणासाठी व कसा घालवावा हे ठरविण्याचा हक्क ज्याचा तो काळ आहे त्याचाच. धीर अवश्य द्यावा. हा हक्क मात्र हिरावून घेऊ नये.