निष्काम सुटी

मी मेंटेनन्सचा माणूस. चाकणच्या एका कारखान्यात प्रेसशॉपची यंत्रं चालती ठेवणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस सोलंगच्या उतारावर उभा राहिलो तेव्हा देवदार आणि हिमशिखरं बघून मला काव्य सुचलं नाही. मनात आलं, या डोंगराची ओईई कुणीतरी झकास काढलीय. ओईई म्हणजे यंत्र किती वेळ चाललं, किती वेगाने चाललं आणि निघालेला माल किती बरा निघाला, या तिघांचा गुणाकार. आमच्याकडे तो आकडा रोज सकाळी फळ्यावर लिहितात, आणि तो घसरला की पहिली हाक मला असते.

सोलंग मनालीपासून चौदाएक किलोमीटरवर. हिवाळ्यात तिथे स्कीइंग चालतं. बर्फ वितळला की खाली उरतं ते हिरवं कुरण. पूर्वी उन्हाळ्यात तिथे गुरं चरत असणार. आता त्याच उतारावरून माणसं प्लास्टिकच्या मोठ्या फुग्यात बसून गडगडत खाली येतात, चारचाकी मोटरसायकली धुरळा उडवतात, डोक्यावर पॅराग्लायडर घिरट्या घालतात, याकवर बसून फोटो काढून मिळतो आणि रोपवे वर नेऊन सोडतो. बर्फ नसला तरी बर्फाचा धंदा थांबलेला नाही. पलचानच्या रस्त्याला ओळीने दुकानं आहेत, तिथे लांब कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. ते चढवून लोक उरलासुरला बर्फ शोधत पुढे जातात. 3 ऑक्टोबर 2020 ला 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून हा शोध थेट लाहौलपर्यंत पोचलाय. रोपवेच्या रांगेत माझ्या पुढे मोशीचं कुटुंब होतं आणि मागे भोसरीचं. कंपनीचं शटडाऊन आणि पोरांची परीक्षा संपलेली, हा योग आमच्या पट्ट्यात मे महिन्यातच येतो. मेंटेनन्सवाल्याला मात्र शटडाऊनमध्ये सुटी नसते. इतरांची सुटी हीच आमची सुगी. सगळं उरकून, यंत्रं पुन्हा चालू करून दिली की मग आम्ही निघतो.

बर्फाचा उतार उन्हाळ्यातही चालता ठेवायची ही तऱ्हा एकट्या सोलंगची नाही. कॅनडात व्हिसलरला स्कीच्याच पाळण्यांतून उन्हाळ्यात सायकली वर नेतात आणि लोक त्या उतारावरून सुसाट खाली सोडतात. गुलमर्गचा गोंडोला तर उन्हाळ्यातही भरून जातो. हिशोब साधा आहे. कोट्यवधी रुपयांचा रोपवे चार महिने चालवून आठ महिने झाकून ठेवणं कुणाला परवडेल? मी त्याला नावं ठेवणार नाही. ज्या घोडेवाल्याने आम्हाला वर नेलं त्याचं वर्षाचं पीठमीठ या दोन महिन्यांत सुटतं. त्याला मी डोंगराच्या विश्रांतीवर प्रवचन दिलं असतं तर त्याने मला तिथेच उतरवलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

मला छळतोय तो प्रश्न डोंगराचा नाही, वर जाणाऱ्याचा आहे. निघताना आमच्या एचआरवाल्याने हात हलवत म्हटलं होतं, ‘‘मस्त रिचार्ज होऊन या साहेब.’’ वाक्य प्रेमाचंच. पण मी ते माझ्या खात्याच्या भाषेत ऐकलं. आम्ही यंत्र का थांबवतो? ऑइल बदलायला, बेअरिंग तपासायला, म्हणजे ते पुढे सहा महिने न कुरकुरता चालावं म्हणून. थांबणं हे चालण्याच्या पोटातलंच एक काम. तसाच मीही मनालीला पाठवलेला. माझा डोंगर, माझी थंडी, माझे चार दिवस, सगळं सोमवारच्या पहिल्या शिफ्टच्या खात्यावर जमा. मग मी सुटीवर होतो की देखभालीवर?

आमच्या कॅन्टीनच्या भिंतीवर गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला तो प्रसिद्ध श्लोक रंगवलाय, फळाची आशा न धरता काम करायला सांगणारा. बहुतेक कारखान्यांना तो आवडतो, आणि का आवडतो हे कळायला पंडित व्हावं लागत नाही. गीता ज्याला सांगितली तो काम टाकून बसलेला माणूस होता, हेही खरं. एक क्षणसुद्धा कुणी काही न करता राहू शकत नाही, असं तिसरा अध्याय सांगतो. पण चौथ्या अध्यायात कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणाऱ्याला शहाणा म्हटलंय, ते भिंतीवर कुणी लिहीत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की फळाची आशा सोडायची ती एकट्या कामाचीच का? निष्काम कर्म सगळे शिकवतात. निष्काम सुटी कुणी शिकवत नाही. विश्रांती घ्यायची तर तिच्याकडून ताजेपणा, उत्साह, फोटो, कुटुंबाचं ऐक्य, अशी फळं आधीच मागून ठेवलेली असतात.

तशी निष्काम सुटी आपल्याकडे आहे, आणि ती माझ्या खात्याला चांगली ठाऊक आहे. खंडेनवमी. आदल्या दिवशी शॉप धुऊन निघतं. प्रेसला झेंडूच्या माळा, पॅनेलला हळदकुंकू, नारळ, पेढे. यंत्र बंद. कुणी म्हणेल, हीही एका प्रकारची देखभालच. नाही. त्या दिवशी मला पान्हा हातात घेता येत नाही, कारण पान्हाही पूजेत मांडलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर, व्हर्नियर, ग्रीसगन, सगळी ओळीने पाटावर. म्हणजे उत्पादन तर नाहीच, दुरुस्तीही नाही. वर्षातला हा एकच दिवस असा की यंत्र कशासाठीही थांबलेलं नसतं, नुसतं थांबलेलं असतं. आमच्या कारखान्यांच्या शेड ज्या शिवारात उभ्या राहिल्या तिथे भाद्रपदात पोळा होतो. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. तो उद्या जास्त ओढेल की नाही, हा विचारही त्यात नाही. तो त्याचा दिवस.

आणि डोंगरच हवा तर आमचाही एक आहे. भंडाऱ्याचा डोंगर, देहूपासून जवळ, इंदोरीच्या वाटेवर. पोटात जुनी बौद्ध लेणी, माथ्यावर तुकोबांचं मंदिर. माघ शुद्ध दशमीला तिथे गाथा पारायणाला माणूस मावत नाही. तुकोबांना गुरूपदेश झाला तो दिवस हाच, आणि परंपरेप्रमाणे वार गुरुवारच. आमच्या एमआयडीसीत आठवड्याची सुटीही गुरुवारची. ती विजेचा भार वाटून घ्यायला ठरलेली आहे, तुकोबांशी तिचा काही संबंध नाही. पण मला हा योगायोग उगाचच आवडतो.

तुकोबा या डोंगरावर का गेले? 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात दुकान बसलं, पहिली बायको गेली, पोर गेलं. कर्जखतांतला भावाचा वाटा भावाला दिला आणि स्वतःचा इंद्रायणीत बुडवला, असं चरित्रकार सांगतात. मग भंडारा, भामचंद्र, घोरवडेश्वर. आजचा एचआरवाला त्याला ‘ब्रेक’ म्हणेल. पण ब्रेक घेणारा परत दुकानात येतो. हे आले ते दुकान पुन्हा जोमाने चालवायला नाही. डोंगराने त्यांना ताजंतवानं करून गल्ल्यावर बसवलं नाही. ज्या कामासाठी माणूस दुरुस्त करायचा, ते कामच वर गेल्यावर गळून पडलं. देखभाल आणि उपासना यांतला फरक मला इथे दिसतो. देखभालीत यंत्र जसं होतं तसं परत मिळण्याची हमी असते. उपासनेत ती नसते.

अर्थात तुकोबांच्या दुसऱ्या बायकोला, जिजाईला विसरून चालणार नाही. नवरा वर बसलेला आणि ही भाकरी बांधून उन्हात डोंगर चढतेय, हे वारकरी संप्रदायच सांगतो. आमच्या घरात हा विषय निघाला तेव्हा माझी बायको म्हणाली, ‘‘निष्काम सुटीत डबा कुणी करायचा ते आधी ठरवा.’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि कुठल्या भाष्यात असल्याचं मला ठाऊक नाही. एकाची स्वस्थता दुसऱ्याच्या श्रमावर उभी असेल तर ती धर्म नाही, चैन आहे. म्हणूनच एकट्यादुकट्याच्या डोंगरवाटेपेक्षा सगळ्यांनी मिळून थांबायचा दिवस मला जास्त मोलाचा वाटतो. खंडेनवमीला साहेबाचं आणि हेल्परचं, दोघांचंही यंत्र बंद असतं.

गंमत म्हणजे सोलंगलाही हे सगळ्यांनी मिळून थांबणं माहीत आहे. मकरसंक्रांतीपासून सुमारे 42 दिवस मनालीजवळच्या गोशाल आणि आसपासच्या गावांत मौन पाळतात. सोलंग त्यांतलंच. देव या काळात तपाला गेलेले असतात, त्यांचं ध्यान भंगू नये म्हणून देवळातल्या घंटा बांधून ठेवतात, टीव्हीचा आवाज बंद, जमीन खणायची नाही. म्हणजे ऐन बर्फात, स्कीच्या हंगामात, त्या उताराच्या पायथ्याची गावं आवाज न करता राहतात. मी गेलो तेव्हा हिवाळा नव्हता, त्यामुळे ते अनुभवलं नाही. पण पर्यटनावर पोट असलेल्या गावांनी ही रीत सोडलेली नाही, याचं मला त्या रोपवेपेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

आमच्याकडे उलट चाललंय. घोरवडेश्वरच्या पायऱ्यांवर पहाटे जाणारे आम्ही मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजतो, दुर्गा टेकडीवर कॅलरी मोजतो. भामचंद्राच्या गुहांत अजून गाथेचे अभ्यासक राहतात आणि समोरच्या पठारावर रात्रपाळीचे दिवे असतात. आणि खंडेनवमी? बऱ्याच ठिकाणी ती आता जेवणाच्या सुटीत उरकते. चालत्या लाइनच्या शेजारच्या एका जुन्या ड्रिल मशीनला हार घालायचा, फोटो काढायचा, पेढा खायचा, आणि भोंगा झाला की पुन्हा आपापल्या स्टेशनवर. डिस्पॅच थांबत नाही ना.

पुढच्या वर्षाच्या सुट्यांची यादी व्यवस्थापन आणि युनियन वर्षअखेरीस समोरासमोर बसून ठरवतात. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात त्या टेबलाशी जे कुणी बसत असतील, त्यांना माझी विनंती आहे. मे महिन्यातला एखादा दिवस हवा तर कमी करा, पण खंडेनवमीला तिन्ही शिफ्ट बंद ठेवा. कॅन्टीनसुद्धा. आणि त्या दिवशी मेंटेनन्सला बोलावू नका.