पावली, अधेली आणि एक पैसा

पोराकडं ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये गेलो की एक गोष्ट ध्यानात येते. टपरीवर चहाचे पैसे मोबाईलवरून जातात, पण भांडण झालं की ‘तुझी चार आण्याची अक्कल’ हेच कानावर येतं. नाणं मरतं, नाव मरत नाही. आमच्या लहानपणी चार आणे म्हणजे पावली, आठ आणे म्हणजे अधेली आणि रुपया तो बंदा. खरं तर 1957 सालीच सोळा आण्यांचे शंभर पैसे झाले होते. पुढं 2011 साली पावलीही चलनातून गेली.

बोलण्यात उरलं त्याची गंमत वाटते. पण आम्हा शेतकऱ्यांचं सालसुद्धा अजून आणेवारीनंच मोजतात. कागदावर तिला पैसेवारी म्हणतात. गावाची पैसेवारी 49 आली तर जमीन महसुलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ. 50 आली तर काही नाही. म्हणजे जो एक पैसा रस्त्यात पडला तर भिकारीही उचलणार नाही, त्याच्यावर गावाचं साल ठरतं. हे न्यायाचं आहे का?

मोजल्याबिगर मदत वाटता येत नाही, कुठंतरी रेघ मारावीच लागते, हे मलाही कळतं. पण रेघेपलीकडच्या गावातही रान तसंच करपलेलं असतं. ज्याच्या हाती माप आहे, त्यानं आकडा लिहिण्याआधी एकदा बांधावर येऊन उभं राहावं.